सोयाबीनचा खरवस

दिवाळीला गावी गेलं की घरात शिरताना पहिली गाठ सोयाबीनशी पडते. ओसरीवर कट्ट्यांची, म्हणजे भरलेल्या पोत्यांची, थप्पी, ती आत माजघरापर्यंत गेलेली. आल्यागेल्याला बसायला सांगताना सासूबाई खुर्ची शोधत नाहीत, कट्ट्याकडे बोट दाखवतात. पोरं त्याच थप्पीवर चढून पत्ते कुटतात. औसा तालुक्यातल्या आमच्या या घरात सोयाबीन पेरायला लागून 30 वर्षं तरी झाली असतील. तूर घरची खातो, ज्वारी घरची, हरभऱ्याची डाळ घरची. मध्ये काही वर्षं करडईचं तेलसुद्धा घरच्या करडईचं होतं. सोयाबीन मात्र उंबऱ्याच्या आत येतं ते भावाची वाट बघायला. भाव आला की जातं. लग्न होऊन 16 वर्षं झाली, पण त्याचा एक दाणा या घरात शिजलेला मी पाहिला नव्हता.

2024 च्या दिवाळीत थप्पी जरा जास्तच उंच होती. हमीभाव 4,892 रुपये क्विंटल, बाजारातले सौदे त्याच्या खाली, आणि हमीभावाने घालायचं तर दाण्यातला ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. परतीच्या पावसानं बनीम, म्हणजे कापून रचलेली गंजी, भिजवली नाही असं वर्ष अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आठवत नाही. ते रोज सकाळी एखाद्या कट्ट्यात हात घालायचे, एक दाणा काढून दाढेखाली धरायचे, ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो का ते ऐकायचे आणि दाणा थुंकून टाकायचे. ओलावा मोजायची ही त्यांची रीत. आडतीवरचं यंत्र आणि अण्णांची दाढ यांचं सहसा जमत नाही, आणि कटती, म्हणजे ओलाव्यापोटी होणारी कपात, अर्थातच यंत्राच्या बाजूनं होते.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी शेजारची म्हैस व्याली आणि चिकाचा तांब्या आमच्याकडे आला. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्यात दूध, गूळ, जायफळ घालून खरवस लावला. पोरांचा वेढा कुकरभोवती. आमची धाकटी तेवढी थप्पीच्या टोकावर भिंतीकडे तोंड करून बसलेली. ती 9 वर्षांची आहे आणि तिला दूध सोसत नाही. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं विकर तिच्या पोटात पुरेसं तयार होत नाही. वाटीभर दही चालून जातं, पण खीर, बासुंदी, खरवस म्हटलं की रात्र पोट धरून काढायची. ‘‘मला नुसता वास दे,’’ ती म्हणाली. कुकरचं झाकण उघडल्यावर आईंनी खरोखरच एक वडी तिच्या नाकाशी धरली आणि मग स्वतःच रडवेल्या झाल्या.

पुण्यात मी तिच्यासाठी अधूनमधून सोयाच्या तयार दुधाची जेली करते. चौकोनी डब्यातलं, व्हॅनिलाचा वास मारलेलं ते दूध. आणताना कधी मनातही आलं नव्हतं की हे म्हणजे आपल्या ओसरीवरचंच काहीतरी असणार. त्या संध्याकाळी मुलगी कट्ट्यावर बसून नाक पुसत होती तेव्हा मात्र ते डोळ्यांसमोरच होतं.

इथं मला माझ्या पोटापाण्याबद्दल सांगायला हवं. मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. जंतू वाढवायच्या काचेच्या बशा आमच्याकडे अजून हातानं ओततात. लिटरला 15 ग्रॅम अगार, ऑटोक्लेव्हमधून काढलेला कढत फ्लास्क, तो निवत असताना वाट बघायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतपत झाला की बशा भरायच्या. फार लवकर ओतलं तर झाकणाला आतून वाफ धरते, उशीर केला तर फ्लास्कातच गोळा. हे 20 वर्षं करत आले. म्हणून घरी जेली करताना मी कधी घड्याळ बघत नाही, पातेल्याला मनगट लावते. सासरी पहिल्यांदा हे पाहून जावेनं विचारलं होतं, ‘‘पातेल्याची नाडी बघायलीस व्हय?’’

अगार म्हणजेच आपल्या वाण्याकडचा चायना ग्रास. तो प्रयोगशाळेत आला स्वयंपाकघरातूनच, हे मला कामाला लागल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं. 1881 साली बर्लिनमध्ये जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करणारे वॉल्टर हेसे उन्हाळ्यात वैतागले होते, कारण जंतू वाढवायला वापरायचं जिलेटिन उकाड्यानं वितळायचं. त्यांची बायको फॅनी त्यांच्या कामात चित्रं काढून द्यायची, मदत करायची. तिच्या जेली मात्र उन्हाळ्यातही हलायच्या नाहीत. जाव्हात राहून आलेल्या एका डच शेजाऱ्यांकडून तिनं लहानपणीच अगारची युक्ती उचलली होती. तिनं ती नवऱ्याला सांगितली, नवऱ्यानं कॉखना. 1882 च्या क्षयरोगाच्या निबंधात कॉखनी अगारचा उल्लेख केला, फॅनीचा नाही. आजही जगभर रोज लाखो बशा ओतल्या जात असतील, आणि त्यामागे एका बाईची उन्हाळ्यातली पुडिंगं आहेत. प्रयोगशाळेत डबा उघडताना मला ती कधीकधी आठवते.

तर दुसऱ्या दिवशी मी अण्णांकडे पाव किलो सोयाबीन मागितलं.

‘‘कशाला?’’

‘‘खायला.’’

‘‘कुणाला?’’

मी नातीचं नाव सांगितलं. अण्णांना काही सुधरेना. त्यांच्या हिशेबात सोयाबीन कच्चं खाल्लं तर बैल फुगतो, त्याची पेंड जाते कोंबड्यांना, तेल जातं शहराला. हा दाणा माणसानं थेट खायचा असतो हे त्यांनी कुठंतरी ऐकलं असेल, पण आपल्या घरात? त्यांची भीती अगदीच चुकीची नव्हती. सोयाबीन कच्चं पोटात गेलं तर प्रथिनं पचू न देणारे घटक त्यात असतात. ते नीट उकळल्याशिवाय जात नाहीत. आईंची शंका आणखी नेमकी निघाली. ‘‘बियाण्याच्या बॅगातलं घेऊ नको बाई, त्याला औषध चोळल्यालं असतंय.’’ कोपऱ्यातली एक अर्धी बॅग त्यांनी पायानंच लांब सरकवली. मग अण्णांनी मधला एक कट्टा उसवला, चांगले पसाभर दाणे काढले, सुपात पाखडायला दिले आणि स्वतः शेजारी उभे राहिले, जणू मी वजनात मारणार होते.

चायना ग्रास आणायला लातूरला जावं लागलं. गंजगोलाईत 16 रस्ते येऊन मिळतात आणि त्यातल्या कुठल्या रस्त्यावर काय मिळतं हे मला अजून पाठ झालेलं नाही. दिवाळीची गर्दी, त्यात नवऱ्याला गाडी लावायला जागा नाही. शेवटी फालुद्याचं सामान ठेवणाऱ्या एका दुकानात 10 ग्रॅमची पाकिटं मिळाली: पांढऱ्या, वाळक्या, सुतळीसारख्या पट्ट्या.

घरी आल्यावर आईंनी पाकीट उलटंसुलटं केलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा उपास होता.

‘‘हे काय म्हनायचं?’’

‘‘समुद्रातलं शेवाळ असतं आई. वाळवून करतात.’’

‘‘म्हंजे मासळीतलं?’’

‘‘नाही, नाही. वनस्पती. रामेश्वरच्या बाजूला समुद्रात बायका बुडी मारून ते गोळा करतात.’’ हे खरंच आहे. मन्नारच्या आखातात, रामनाथपुरम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, असं अगारचं शेवाळ काढण्यावर कितीतरी कोळणींचं पोट आहे. आमच्या पाकिटातलं नेमकं तिथलंच होतं असं नाही, पण मी तसं म्हणालेही नाही. आईंच्या कानावर फक्त ‘रामेश्वर’ पडलं. त्या यात्रेला जाऊन आल्या आहेत, 22 कुंडांचं स्नान करून आल्या आहेत.

‘‘रामेश्वरचं म्हनल्यावर चालतंय की उपासाला,’’ त्या म्हणाल्या आणि विषय संपला. साबुदाणा चालणाऱ्या घरात एवढा युक्तिवाद पुष्कळ झाला.

दाणे रात्री भिजत घातले. सकाळी फुगून दुप्पट-अडीचपट झाले होते. सोयाबीनच्या दुधाला जो कच्च्या शेंगेसारखा, उग्र वास येतो तो मुळात दाण्यात नसतो. दाणा पाण्यात फुटला की त्यातलं एक विकर त्याच्याच तेलावर काम करू लागतं आणि काही क्षणांत वास तयार होतो. म्हणून वाटायचं ते उकळतं पाणी घालून. विकराला जागच्या जागी गप्प करायचं. सांगायला सोपं. मिक्सरच्या भांड्यात उकळतं पाणी घालून झाकण दाबलं आणि बटण फिरवलं तर झाकण वर, ऊन फेस ओट्यावर आणि थोडा माझ्या कोपरावर. पुढच्या घाण्याला भांडं अर्धंच भरलं, झाकणावर पंचा धरला.

गाळायला मी गाळणी शोधत होते. आईंनी ती काढून घेतली, ट्रंकेतून जुन्या धोतराचा धुवट तुकडा आणला आणि म्हणाल्या, ‘‘गव्हाचा चीक काढतेत तसंच की हे. सरक.’’ खरं तर मला इतक्या वर्षांत हे सुचायला हवं होतं. कुरडयांसाठी गहू भिजवायचा, वाटायचा, पिळायचा, चोथा वेगळा, चीक वेगळा. त्यांचे हात 50 वर्षं हेच करत आलेत. मी एका पिळण्यात जेवढं काढलं असतं त्याच्या दीडपट त्यांनी काढलं. पाव किलो दाण्यांचं 2 लिटर दूध झालं, सायीच्या रंगाचं. चोथा मी टाकणार होते. तो परातीत गेला, त्यात ज्वारीचं पीठ, तिखट, लसूण, कोथिंबीर पडली आणि दुपारी त्याचे धपाटे झाले. खरं सांगायचं तर त्या दिवसाचा सगळ्यात चांगला पदार्थ तोच होता, पण लेख जेलीवर आहे.

सोयाबीनचं दूध उकळताना फसवतं. उकळीच्या कितीतरी आधी फेस भांड्याच्या काठाशी येतो आणि आपल्याला वाटतं, ऊत आला, झालं. ते झालेलं नसतं. गॅस बारीक करायचा, फेस खाली बसवायचा आणि मग पुरती 15 मिनिटं ढवळत राहायचं. तळाला लागतंही लवकर. आई शेजारी जायफळ उगाळत बसल्या होत्या. गूळ घालायचा का साखर यावर थोडी बोलाचाली झाली. त्यांचा गूळच पाहिजे होता. उकळत्या दुधात गूळ घातला की ते फाटायची भीती, म्हणून गूळ वेगळा विरघळवून, गाळून, दूध खाली उतरवल्यावर घातला.

आता फळांचं. पहिला घाणा फसला, आणि तो माझ्याच हुशारीनं. पाटावर जालन्याची मोसंबी होती, मस्त रसाची. मी थोडं सोयादूध काढून घेतलं, त्यात चायना ग्रासचं पाणी आणि वरून मोसंबीचा रस ओतला. क्षणात सगळं फुटलं. आंबट लागलं की सोयादूध नासणारच, टोफू करतात तो असाच. प्रयोगशाळेतल्या माणसानं हे करावं! मग मोसंबीचा रस वेगळा, नुसत्या अगारात बसवला. रंग सुरेख आला, थर काचेसारखा. संध्याकाळी पोरांनी तोंडात घातला आणि सगळ्यांनी एकदम तोंडं वाकडी केली. कडू. मोसंबीचा रस काढून ठेवला की त्यात हळूहळू कडवटपणा उतरतो, तापवला तर आणखी लवकर. रसवंतीवाला ग्लास हातात देऊन ‘लगेच घ्या’ म्हणतो तो उगाच नाही. ती जेली कुणी खाल्ली नाही. मी मोठ्या जिद्दीनं दोन चमचे खाल्ले.

मग आईंनी सुचवलं, बांधावरची सीताफळं पिकलीत. सीताफळ आंबट नाही, दुधाला फाडत नाही, आणि त्याचा गर इतका भारदस्त की सोयाबीनचा उरलासुरला वास त्याच्याखाली दबून जातो. फक्त त्यालाही ऊन सोसत नाही. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. म्हणजे मोसंबीसारखाच हट्टी, पण समजूत काढता येण्यासारखा. चाळणीवर घासून बिया काढायचं काम पोरांना दिलं. निम्मा गर पोटात गेला, निम्मा वाडग्यात आला.

चायना ग्रासच्या पट्ट्या कात्रीनं बारीक करून अर्धा तास गार पाण्यात भिजवल्या होत्या. लिटरला एक पाकीट. त्याच पाण्यात त्या उकळायच्या, पार दिसेनाशा होईपर्यंत. एक दोरा राहिला तरी तो जिभेला लागतो आणि खाणारा केस आला म्हणून थांबतो. मग त्यात गरम दूध. गार दूध ओतलं तर अगार तिथंच घाबरून गोळ्या धरतो. दोन्ही एक झालं की पातेलं खाली. आणि मग माझं मनगट. अगार पुरता विरघळायला उकळी लागते, पण बसतो तो 40 अंशांच्या खाली गेल्यावर. या दोहोंच्या मध्ये जी सवड मिळते त्यातच सीताफळाचा गर, जायफळ, वेलची घालायची. मला वाटतं जेली करणं म्हणजे तेवढी सवड ओळखणं, बाकी ढवळाढवळ कुणालाही येते.

तीन ताटांना तूप लावून ते ओतलं. तूप धाकटीला चालतं. वर डाळिंबाचा थर द्यायचा होता. डाळिंबाचा रस, दाणे, वेगळा अगार. दुसरा थर कधी ओतायचा हेही मनगटानंच ठरतं म्हणा ना: खालचा थर बोटाला चिकटतो पण खचत नाही, इतपतच बसलेला हवा. पार गार, घट्ट झाल्यावर वरचा ओतला तर दोघांची गाठ पडत नाही. कापताना वरचा थर चटईसारखा घसरून हातात येतो. एका ताटाचं तसं झालंच, कारण मध्ये पाहुणे आले आणि मला चहा ठेवायला उठावं लागलं. दिवाळीत थर बसवायचे तर आधी पाहुणे बसवावे लागतात.

फ्रीजमध्ये जागा नव्हती, पण जेली ओसरीच्या गारव्यातच बसून गेली. मी सुरी घेतली तेव्हा आई कौतुकानं वाकून बघत होत्या. त्यांनी बोटानं ताट हलवलं. पांढरा थर जरासा थरथरला.

‘‘खरवसच की गं,’’ त्या म्हणाल्या.

मी त्यांना सांगणार होते की दोन्हींची तऱ्हा अगदी उलटी आहे. चीक उष्णतेनं बसतो, त्यातली प्रथिनं वाफेवर घट्ट होतात आणि पुन्हा कितीही तापवा, पातळ होत नाहीत. अगार थंडीनं बसतो आणि 85 अंशांच्या पुढं तापवला की पुन्हा पाणी. एकात म्हशीनं रेडकासाठी राखलेलं असतं, दुसऱ्यात समुद्रातलं गवत. पण सगळं सांगून होईपर्यंत त्यांनी एक वडी उचलून धाकटीच्या हातावर ठेवली होती. तिनं आधी वास घेतला, सवयीनं. मग खाल्ली. मग काही बोलली नाही, दुसरी घेतली. रात्री मी दोनदा उठून तिच्याकडे बघून आले. ती झोपली होती.

बाकीच्यांची मतं सरसकट चांगली होती असं मी म्हणणार नाही. नवऱ्यानं एक वडी खाऊन ‘पेंडीचा वास येतोय जरा’ असं जाहीर केलं. पुतण्याला डाळिंबाचा थर हवा होता, खालचा नको. त्याच्यासाठी ते घसरलेलं ताट सोयीचं पडलं. जाऊबाईंना कृती हवी होती पण ‘चायना ग्रास’ऐवजी कॉर्नफ्लोअर चालेल का हा प्रश्न त्यांनी चार वेळा विचारला. आईंनी उपास म्हणून फक्त डाळिंबाचा थर खाल्ला, सोयाबीन कडधान्यातलं पडतं ना. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या त्यांनी पांढराही खाल्ला. तोवर त्याला थोडं पाणी सुटलं होतं. अगारची ती खोडच आहे, एका रात्रीत घाम फुटतो त्याला. दोन दिवसांच्या वर मी ते ठेवूही देत नाही. ज्यावर जंतू इतके छान वाढतात ते काय आहे हे मला रोज दिसतं.

अण्णा दुपारी शेतातून आले. हात-पाय धुऊन ओसरीवर, कट्ट्याला टेकून बसले. मी बशीत दोन वड्या दिल्या. त्यांनी बशी डोळ्यांजवळ नेली, वडी बोटांत धरली, आणि मला जाणवलं की ते ती नेहमीच्या सवयीनं दाढेखाली धरणार आहेत. धरली. ‘कट्’ अर्थातच आलं नाही. ते थोडा वेळ तसेच थांबले. मग गिळली.

‘‘ह्यो आपलाच माल?’’

‘‘मधल्या कट्ट्यातला. तुम्हीच काढून दिला.’’

त्यांनी दुसरी वडी खाल्ली. बराच वेळ जीभ टाळूला लावून बसले. गोड कमी का जास्त, आवडलं का नाही, यातलं काही बोलले नाहीत. पेरणीनंतर जसा विचारतात तसा प्रश्न आला.

‘‘उतारा किती पडला?’’

मी हिशेब सांगितला. पाव किलोचं 2 लिटर दूध, त्याची तीन ताटं, ताटाला 25 वड्या. 75.

‘‘म्हंजे किलोला तीनशे.’’ अण्णांचं तोंडी गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे. त्यांनी मान वळवून पाठीमागच्या थप्पीकडे पाहिलं. ‘‘पन्नास किलोच्या कट्ट्याला पंधरा हजार.’’

‘‘पंधरा हजार वड्या,’’ मी म्हणाले.

ते थप्पीकडे बघतच होते. खालचे कट्टे, वरचे कट्टे, उसवलेला मधला. मग बशी माझ्याकडे देत म्हणाले,

‘‘पर आडतीवर न्यायची सोय न्हाई.’’

‘‘का हो अण्णा?’’

‘‘सगळी मॉइश्चरमध्येच कापतेल की.’’